सुरमई, तारली आणि एक वीट

९ जानेवारी

ती. आईंना, सुनेचा वाकून नमस्कार. वि. वि.

पेटी मिळाली. सुरमई अशी होती की विचारू नका. तुकडे तव्यावर पडले आणि खालच्या बेकरीतले कामगार वास घेत जिन्यापर्यंत आले. ह्यांनी बोटं चाटली, ठकीने वाटी चाटली, मी तेवढा तवा सोडला.

तब्येत बरी आहे. चौथा महिना सरत आलाय, ओकाऱ्या थांबल्या. सकाळी बेकरीसाठी टोस्टची पाकिटं भरते, दुपारी पाय वर करून पडते, तुम्ही सांगितलंत तसं. तुमचा मुलगा भट्टीवरून येतो तो भुवयांत मैदा घेऊन, मग ठकी त्याला ओळखत नाही आणि माझ्या मागे लपते. ठकी मजेत आहे. बोलत अजून नाही, पण तुमची पेटी दिसली की टाळ्या वाजवते.

दर खेपेला एवढा मोठा मासा कशाला पाठवता? तुमचं गिऱ्हाईक हात हलवत परत जात असेल.

पेटी धुऊन दुपारच्या बसने देते आहे. लोभ बर्फात ठेवल्यासारखा ताजा राहू द्या.

तुमची
सूनबाई


१० जानेवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

हे वि. वि. म्हणजे काय ते तू मला दोनदा सांगितलंस आणि मी दोनदा विसरले, पण ते नसलं की पत्र अनवाणी वाटतं, म्हणून घालते.

ताई, काल मी सासूबाईंना धडधडीत खोटं लिहिलं. सुरमई छान होती म्हणून कळवलं. सुरमई मी डोळ्यांनी बघितलीसुद्धा नाही. आम्ही बटाटा खाल्ला. परवाही बटाटाच होता. हे बिचारे दोघींच्या मध्ये पडायला नको म्हणून मुकाट खातात.

तुला माहीतच आहे, सासूबाईंचा मासळी बाजारात ओटा आहे. तिथून त्या सकाळच्या बसने थर्माकोलची पेटी पाठवतात. आत बर्फ, बर्फात मासा, वर प्लास्टिकच्या पिशवीत पत्र. रिकामी पेटी दुपारच्या बसने परत जाते, त्यात माझं पत्र. फोन केला तर बाजाराच्या गलक्यात त्यांना एक शब्द ऐकू येत नाही. पत्र मात्र त्या ओट्यावर बसून शेजारणींना मोठ्याने वाचून दाखवतात. म्हणून मला जास्तच गोड लिहावं लागतं.

झालं असं, की आमच्या शेजारी शिवणकाकू राहतात. गळ्यात कायम टेप, तोंडात कायम टाचणी. त्यांनी मला मोबाईलवर एक बाई दाखवली. ती बाई सांगत होती की माशात पारा असतो आणि तो पोटातल्या बाळाच्या मेंदूत जातो. पारा! लहानपणी मी थर्मामीटर फोडला होता, आठवतं? त्या चांदीच्या गोळ्या फरशीवर पळत होत्या आणि आईने आपल्या दोघींना पलंगावर चढवून ठेवलं होतं. तेच माशात! मी त्या दिवशीचा मासा खिडकीत उजेडात नेऊन बघितला, तर अंगभर चांदीच चांदी. मग काय, तारेची घासणी घेतली आणि घासत बसले. त्याची अशी दशा केली की हा मासा आहे की जुना मोजा ते कळेना. तरी आत कुठेतरी बारीक चकाकलंच. तिथे मी हात टेकले.

काकूंनी धीर दिला. म्हणाल्या, पारा बाधतो तो पोटुशी बाईला, त्यांना आता कुठे मुलं व्हायचीत, तेव्हा माझ्यासाठी एवढं त्या नक्की करतील. तेव्हापासून त्या माझ्यासाठी मासे खातायत. त्यांचा बोकाही माझ्यासाठी खातो. आता तर मला जिना नको म्हणून त्या स्वतःच स्टँडवरून पेटी आणतात. पत्र माझ्या दाराखालून सरकवतात, पेटी त्यांच्या घरात जाते, दुपारी धुतलेली बाहेर येते. कोणता मासा ते सासूबाई पत्रात लिहितातच, मी त्याच माशाची स्तुती करून टाकते.

हसू नकोस ग. हसण्यावारी नेतेय कारण दुसरं काही सुचत नाही. ठकी अडीच वर्षांची होत आली. तिच्या वेळी मी रोज सासूबाईंचे तुकडे खाल्ले. मोठ्यातला मोठा मासा, कारण सुनेला बारीक मासा वाढणं त्यांना कमीपणाचं वाटतं. बारीक मासळी त्या बाजारातल्या मांजरांना टाकतात. आणि ठकी बोलत नाही. साधं आई म्हणत नाही. हाक मारली तरी आपल्याच नादात. माझ्या खाण्याने तिच्या डोक्यात पारा गेला असेल का? आणि हे आत आहे, त्याचं काय? हे सासूबाईंना कोणत्या तोंडाने लिहू, की तुमच्या मायेने माझं पोर मुकं झालं? आणि ते त्या ओट्यावर मोठ्याने वाचणार.

तूच काय ते सांग. माया नेहमीइतकीच ठेव, रागवायचं झालं तर थोडं कमी रागव.

तुझी
धाकटी


१७ जानेवारी

चि. धाकटीस, अ. उ. आ.

तुझं पत्र इस्त्रीच्या टेबलावर वाचलं आणि हसता हसता एका गिऱ्हाइकाच्या शर्टाची कॉलर पिवळी केली. ती तुझ्या नावावर मांडली आहे. मासा घासणीने घासलास! मग राखेनेही घासायचा होतास, भांड्यांच्या रांगेत उपडा घालायचा होतास.

आता हसणं बाजूला ठेवते. शिंपिणीला विचारून तू मासा सोडलास, आता इस्त्रीवालीला विचारतेस की पुढे काय. आम्हा दोघींना कपड्याच्या पुढचं काही कळत नाही. दवाखान्यात जा. तुझ्या पोटाला हात लावून बघणारी डॉक्टरीणबाई आहे ना, तिला विचार. माशाचं विचार, ठकीचंही विचार. तू जात नाहीस ते का, हे मला ठाऊक आहे. तिने हो म्हटलं तर काय, ह्या भीतीने. पण तू विचारलं नाहीस म्हणून जे असेल ते नसल्यासारखं होणार आहे का?

आणि सासूला खोटं लिहू नकोस. ती बाई माशाचा डोळा बघून मासा कधी मेला ते सांगते, तिला तुझं पत्र बघून कळणार नाही होय? शिवाय नुसत्या बटाट्यावर बाळ कसं वाढणार, तूच बटाट्यासारखी होशील.

ठकीचा पापा. जपून राहा, आणि लोभ कमी झाला असं वाटलं तर माझी जुनी पत्रं काढून वाच.

तुझी
ताई


२३ जानेवारी

चि. सूनबाईस, ओट्यावरून आशीर्वाद. वि. वि.

तुझी पत्रं मिळतात. हल्ली फार गोड असतात. आज जरा खास माल पाठवते आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, तू इतकी खाणारी, तूच ओळख. पेटी जड लागेल. थोडा टणक आहे, शिजायला वेळ घेईल. पण असा माल तुझ्या दाताखाली आजवर आला नसेल, हे मी छातीला हात लावून सांगते.

कसा लागला ते मात्र सविस्तर लिही. इकडे सगळ्या जणी वाट बघतायत.

नातीला आशीर्वाद. लोभ तुझ्याकडूनही यावा, नुसता साखरेचा नको.

तुझी
सासू


२३ जानेवारी, दुपार

ती. आईंना, सुनेचा वाकून नमस्कार. वि. वि.

माल मिळाला. नाव काही ओळखता आलं नाही बाई, तुमच्यासारखी नजर मला कुठली. पण टणक म्हणालात तसं काही नव्हतं. लोण्यासारखा विरघळला. ह्यांनी तर डोकं मागून घेतलं आणि चोखत बसले. ठकीसाठी काटे काढून मऊ भाग ठेवला होता, तो तिने आवडीने खाल्ला. रस्सा एवढा सुरेख झाला की काकूंना वाटीभर दिला, त्या अजून नाव काढतायत.

असाच माल पुन्हा आला तर माझी आठवण ठेवा.

दुपारची बस निघेल म्हणून आवरते. लोभाची पेटी कधी रिकामी जाऊ नये.

तुमची
सूनबाई


२७ जानेवारी

चि. सूनबाईस, आशीर्वाद आहे, पण आज तो जरा लांबूनच.

पेटीत मासा नव्हता. बर्फ होता, आणि बर्फाखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वीट होती. माझ्या ओट्याची ताडपत्री दाबायची वीट.

लोण्यासारखी विरघळली म्हणतेस. तुझ्या नवऱ्याने डोकं मागून घेतलं. विटेला डोकं कुठल्या बाजूला असतं ते मलाही कळव, इतकी वर्षं ताडपत्रीवर ठेवते पण मला दिसलं नाही. नातीसाठी काटे काढलेस, ते कुठून काढलेस?

तुझं पत्र नेहमीसारखं मोठ्याने वाचायला घेतलं. दुसऱ्याच ओळीला कोळंबीवाली हसायला लागली, कारण वीट भरताना ती शेजारी होती. ताडपत्री धरायला आता तीच उभी असते, कारण वीट तू खाल्लीस.

मला संशय आधीपासून होता. पूर्वी तू लिहायचीस की मीठ जास्त पडलं, काटा अडकला, ह्यांनी शेपटीवरून भांडण केलं. हल्ली नुसती स्तुती. ज्याने खाल्लंय तो एवढी स्तुती करत नाही. वर कंडक्टर म्हणाला, गळ्यात टेप घातलेली बाई पेटी नेते आणि आज मासा केवढा आहे ते त्यालाच विचारते.

हसून झालं. आता मला सांग, माझा मासा जातो कुठे? आवडत नसेल तर सांगायचं. मी काय वाघ आहे का?

खरं लिहिणार असशील तर लोभ आहे.

तुझी
सासू


२८ जानेवारी

ती. आईंना, आज वाकून नाही, लोटांगण.

हे पत्र ओट्यावर वाचू नका, हात जोडते. एकटीने वाचा.

वीट शिवणकाकूंकडे आहे. त्यांनी पेटी उघडली, वीट बघितली, आणि त्यांना वाटलं की त्यांना मासा द्यायचा नाही म्हणून मीच तुम्हाला कळवून ती घालायला लावली. माझ्याशी त्या बोलत नव्हत्या. जिन्यात भेटल्या की टाचणी तोंडात धरून भिंतीकडे बघायच्या. मला वाटलं त्यांचं काहीतरी दुखतंय. काल तुमचं पत्र आल्यावर मी विचारायला गेले, तर वीट त्यांच्या शिवणयंत्राच्या हलणाऱ्या पायाखाली. म्हणतात, मैत्री गेली तर गेली, यंत्र तरी स्थिर झालं.

मासे काकू खातात, आई. काकू आणि त्यांचा बोका. मी खात नाही, ठकीला देत नाही. आवडत नाही असं नाही हो. वास आला की तोंडाला पाणी सुटतं आणि मी खिडकी लावून घेते.

काकूंनी मोबाईलवर दाखवलं की माशात पारा असतो आणि तो पोटातल्या पोराच्या मेंदूला बाधतो. ठकीच्या वेळी मी तुमचा मासा रोज खाल्ला. ठकी बोलत नाही. शेजारची तिच्याएवढी मुलगी दिवसभर चिवचिवते, ही नुसतं बोट दाखवते आणि हात ओढते. मला सारखं वाटतं की मीच खाऊन तिला हे केलं. आणि आता दुसरं आहे.

तुम्ही मायेने पाठवत होता, म्हणून तुम्हाला लिहायची हिंमत झाली नाही. खोटं लिहिणं सोपं गेलं. पहिलं खोटं अवघड होतं, पुढची आपोआप येत गेली, विटेपर्यंत.

डॉक्टरीणबाईंनाही विचारलेलं नाही. हो म्हणाल्या तर मी कुठे बघू?

लोभ ठेवा म्हणायला आज तोंड नाही. ठेवलात तर तुमचा मोठेपणा.

तुमची
सूनबाई


३० जानेवारी

चि. सूनबाईस, आशीर्वाद, जवळून.

पत्र ओट्यावर वाचलं नाही. बर्फ ठेवतो त्या खोलीत जाऊन वाचलं. बाहेर आले तर कोळंबीवालीने विचारलं डोळे का लाल. मी म्हटलं बर्फाच्या वाफेने. ती इतकी वर्षं बर्फातच बसते, तिचे कधी झाले नाहीत, पण तिने वाद घातला नाही.

आधी राग आला. माझ्या माशात पारा म्हणे! माझा मासा सकाळी उडी मारत येतो. मनात आलं, तुझ्या त्या काकूंना ताडपत्रीत गुंडाळून वर वीट ठेवावी. मग आठवलं की वीट त्यांच्याकडेच आहे.

मग बसून विचार केला. मी तुला मोठाच तुकडा का वाढत होते माहीत आहे? मला कुणी वाढला नव्हता. माझ्या वेळी मोठा मासा विकायला आणि घरात जे उरेल ते बारीक. तुझ्या नवऱ्याच्या वेळी मी पुरे नऊ महिने तारलीवर काढले. तेव्हाच ठरवलं होतं की माझी सून आली की तिच्या ताटात असा तुकडा पडेल की ताट दिसायचं नाही. आता तू म्हणतेस त्याच तुकड्याने नातीची वाचा गेली असेल. असेलही. मला काय कळतं? मला मासा ताजा की शिळा एवढं कळतं. त्याच्या पोटात आणखी काय असतं ते मी कधी कुणाला विचारलं नाही.

तू उद्याच्या उद्या दवाखान्यात जा. नवऱ्याला सोबत ने, भुवया पुसून ने. सरळ विचार. आणि जे सांगतील ते मला आधी लिही. माझ्यामुळे झालं असेल तर माझ्यामुळे असं लिही. गोड लिहायचं नाही. माझ्याने ऐकवेल, विटेची स्तुती ऐकली ना मी.

तोवर पेटी बंद. काकूंना आणि बोक्याला उपास.

तू घाबरलीस ते तुझं बरोबर होतं. लपवलंस ते नव्हे. लोभ कुठे गेलेला नाही, कुठे जाणार तो.

तुझी
सासू


६ फेब्रुवारी

ती. आईंना, सा. न. वि. वि.

पेटी नाही म्हणून पोस्टाने लिहिते. हे पत्र ओट्यावर वाचलंत तरी चालेल.

दवाखान्यात गेलो. मी पुरावा म्हणून आगपेटीत काकूंकडचे माशाचे चांदीचे खवले घालून नेले होते. डॉक्टरीणबाईंनी आगपेटी उघडली, माझ्याकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं, आणि खुर्ची मागे सरकवून हसल्या. म्हणाल्या, हे नुसते माशाचे खवले आहेत, ह्यांच्यात पारा असता तर मासा बुडालाच असता. माशातला पारा डोळ्यांना दिसत नाही, मांसातच मुरलेला असतो, घासून, धुऊन, तळून, कशानेच जात नाही. माझी घासणी फुकट गेली.

मग त्यांनी गंभीर होऊन सांगितलं. मोबाईलमधली बाई खोटं बोलत नव्हती, अर्धंच बोलत होती. पाण्यात थोडा थोडा पारा असतो. तो बारीक माशात जरासा जातो. बारीक मासे मधला मासा खातो, मधल्याला मोठा खातो, आणि मोठा वर्षानुवर्षं जगतो आणि खातच राहतो. प्रत्येकाचा वाटा शेवटी त्याच्या अंगात साठतो. म्हणून मुशी, म्हणजे शार्क, आणि मोठी सुरमई पोटुशी बाईने आणि अंगावर पाजणारीने टाळायची, लहान मुलांनाही द्यायची नाही. पण मासाच सोडला तर तेही वाईट, कारण बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना जे तेल लागतं ते माशात असतं, बटाट्यात नसतं. म्हणून आठवड्यातून दोनतीनदा मासा खायचा, आणि खायचा तो बारीक. तारली, मांदेली, असा. ज्याला जन्माला येऊन फार दिवस झाले नाहीत तो.

आई, म्हणजे बघा. तुम्ही मला वाढत होता तो टाळायचा, आणि मांजरांना टाकत होता तो खायचा. तुमच्या बाजारातली मांजरं दवाखान्यात न जाता बरोबर जेवत होती.

ह्यांनी विचारलं, मग काकूंचं काय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्या वयात एवढी काळजी नाही, पण रोज मोठा मासा त्यांनीही खाऊ नये. बोक्याचं त्यांना माहीत नव्हतं.

आता ठकीचं. गोड लिहीत नाही. माझ्याने विचारवेना, शेवटी ह्यांनी विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माशाने अजिबात काही झालं नाही असं त्या छातीठोकपणे सांगणार नाहीत, तसं कुणीच सांगू शकत नाही. पण तेवढ्या खाण्याने वाचा जावी असं त्यांना वाटत नाही, आणि आधी समोरचं बघू म्हणाल्या. त्या ठकीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि स्टीलच्या वाटीवर चमचा वाजवला. ठकी त्यांच्या खुर्चीचं चाक फिरवत बसली होती. तिने मान वळवली नाही. पुन्हा वाजवला. मी दचकले, हे दचकले, ठकी चाक फिरवत राहिली.

आई, मला वाटायचं ती आपल्याच नादात असते. तिला ऐकूच येत नव्हतं.

कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, सारखी सर्दी होऊन कानाच्या पडद्यामागे पाणी साचलंय. आवाज तिला पाण्याखालून आल्यासारखा जातो, मग ती बोलणार काय. ह्यात माशाचा हात नाही. बहुतेक मुलांचं हे पाणी आपोआप ओसरतं, तीन महिने वाट बघू, नाही ओसरलं तर बारीक नळी घालता येते. तोवर तिच्या समोर बसून, तोंड दिसेल असं, मोठ्याने बोला. आता आमच्या घरात असं बोलणं चालतं की खाली पाव घ्यायला आलेली माणसं वर बघतात.

भीती गेली नाही, पण निम्मी झाली. पेटी सुरू कराल का? मोठा मासा नको. तुम्हाला कमीपणा वाटेल हे माहीत असूनही मागते.

लोभाचा तुकडा मात्र मोठाच वाढा, त्याला पारा नाही.

तुमची
सूनबाई


१० फेब्रुवारी

चि. सूनबाईस, अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र ओट्यावर वाचलं. पडद्यामागच्या पाण्यापर्यंत आले आणि पुढचं कोळंबीवालीने वाचलं, कारण माझा चष्मा ओला झाला. हसशील तर खबरदार.

सोबत तारली. काय सांगू, पेटीत भरताना मी पाठ करून भरली. सुरमईवालीच्या घरून सुनेला तारली जाते, हे कुणी बघू नये म्हणून. पण ह्या बाजारात लपतंय काय! एकीने विचारलं, सून काय डोळ्यांत खुपते का आता. मग मी त्यांच्याकडे वळले आणि तुझ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं सगळं ऐकवलं, कोण कुणाला खातं ते. माझा मोठा मासा विकायचा असून ऐकवलं. त्यावर त्या विचारणारीनेच आपल्या लेकीसाठी माझ्याकडून तारली नेली. आता मांजरांना कमी पडते. ती माझ्या ओट्यासमोर येऊन बसतात आणि तुझ्या नावाने बघतात.

पेटी तू स्वतः उघडायचीस. खाऊन झालं की खरं लिहायचं, मीठ कमी पडलं तर तसं. काकूंना सांग, त्यांनी अर्धं का होईना खरं सांगितलं, म्हणून त्यांना गुंडाळणार नाही. पण वीट हवी आहे. कोळंबीवाली ताडपत्री धरून कंटाळली.

नातीशी मोठ्याने बोल. माझ्या वतीने जरा जास्तच मोठ्याने. लोभ वाऱ्यावर उडू नये म्हणून सध्या हातानेच धरून ठेवला आहे.

तुझी
सासू


१९ एप्रिल

ती. आईंना, सुनेचा नमस्कार, पोटामुळे आता वाकून होत नाही. वि. वि.

कालची तारली जरा मऊ पडली होती. बस उशिरा आली असणार. मीठही माझ्याकडून जास्त पडलं. ह्यांनी शेपटीवरून भांडण केलं. बघा, खरं लिहिते आहे. चार वेळा वाढून घेतली हेही खरं.

ठकीच्या कानातलं पाणी ओसरतंय. कानाच्या डॉक्टरांनी परवा बघितलं, एक कान मोकळा झाला, दुसरा होतोय. गेल्या आठवड्यात खाली पावाची गाडी हॉर्न वाजवून गेली तर ठकी उठून खिडकीशी पळाली. मी टोस्टचं पाकीट हातात धरून तशीच उभी राहिले, आणि त्या पाकिटात किती टोस्ट भरले देव जाणे. कुणाची तरी चंगळ झाली.

आता खरी बातमी. काल दुपारी मी तारलीचे काटे काढत होते. विटेचे काढले होते तसे नाही, खरेखुरे. काकू बसल्या होत्या, बोका बसला होता, हे भुवया पुसून बसले होते. एवढे सगळे डॉक्टर, एवढी सगळी पत्रं, एवढी भीती, आणि शेवटी कसा मऊ, बारीक, पारा नसल्यासारखा, बिनकाट्याचा एक घास मी तयार केला आणि ठकीच्या तोंडापाशी नेला. तिने घासाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. हाताने घास बाजूला केला आणि स्पष्ट, ठणठणीत आवाजात म्हणाली, नको.

आई, नको म्हणाली! तिचा पहिला शब्द. मी रडले, हे रडले, काकूंनी तोंडातली टाचणी गिळायची बाकी ठेवली. मग आम्ही वेड्यासारखं करायला लागलो. पुन्हा घास पुढे केला, पुन्हा नको. ह्यांनी केला, नको. काकूंनी केला, नको, आणि वर त्यांना एक चापट. अख्खी दुपार आम्ही तिच्यापुढे मासा नाचवला, फक्त ते ऐकायला. शेवटी घास बोक्याला गेला. तो नको म्हणाला नाही.

तुमच्या मुलाने तुम्हाला फोन करायचं म्हटलं, मी म्हटलं गलक्यात ऐकू येणार नाही, आणि ही बातमी ओट्यावर मोठ्याने वाचली गेली पाहिजे.

वीट काकू देत नाहीत. म्हणतात, ती काढली तर यंत्र पुन्हा नाचेल, आणि त्या तुमच्या येणाऱ्या नातवंडाला झबली शिवतायत. तेव्हा वीट झबल्यांत वळती करून घ्या.

लोभ आहे हे आता विचारायला नको, नुसती पावती द्या.

तुमची
सूनबाई


२२ एप्रिल

चि. सूनबाईस, अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. सगळ्यांनी तो शब्द पुन्हा पुन्हा वाचायला लावला, शेवटी कोळंबीवालीने गिऱ्हाइकांनाही ऐकवला. माझ्या माशाला नको म्हणणाऱ्या बाईला मी पुन्हा ओट्यासमोर उभी करत नाही. हिला माफ आहे.

आज पेटी रिकामी पाठवते आहे, नुसता बर्फ. तो वितळायच्या आत तिला समोर बसव, तोंड दिसेल असं, आणि विचार की आजी विचारते, मासा नको तर मग काय हवं? उत्तर तू देऊ नकोस. ती जे म्हणेल ते जसंच्या तसं लिहून दुपारच्या बसने पाठव.

वीट म्हणाली तरी पाठवीन. बाजारामागे अजून पुष्कळ पडल्यात.

पावती मिळाली समज.

तिची आजी
आणि तुझी सासू